धुरपताबाईंची गडद चिठ्ठी

१

उपनिरीक्षक अंजू मानवटकर हिचा माणसांपेक्षा रिफिलींवर जास्त विश्वास होता, आणि रिफिलींवरही फारसा नव्हताच.

पांढरकवड्याच्या ठाण्यात सकाळच्या वेळी तिच्या टेबलावर गुन्ह्यांच्या कागदांपेक्षा पेनं जास्त दिसत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता पानंच्या पानं लिहून द्यायची झाली होती. उत्तरपत्रिका तपासणारा कुठलातरी कंटाळलेला प्राध्यापक असणार, त्याला ज्ञानाशी काही देणंघेणं नसणार, अक्षर गडद आणि सलग दिसलं की तो खूश होणार, अशी तिची खात्री होती. म्हणून ती एकच वाक्य निरनिराळ्या रिफिलींनी लिहून पाहत होती. एक रिफिल लोण्यासारखी सरकायची, पण रंग पाणी घालून वाढवलेल्या चहाचा. दुसरी काळीकुट्ट, पण प्रत्येक वळणावर थुंकायची. तिसरी तर कागद अशी खरवडायची की जणू त्याच्याशी तिचं जुनं वैर आहे.

"मॅडम, पेपर तं डोक्यानं लेहा लागते ना," हवालदार बळीराम आत्राम चहाचा कप ठेवत म्हणाला.

"डोकं कोणी तपासत नाही, बळीराम. तपासत असते तं या जिल्ह्यात एवढे साहेब झाले असते का?"

बळीरामला हे पटलं. तेवढ्यात फोन वाजला. धुरपताबाई कुमरे गेल्या होत्या. उशाशी झोपेच्या गोळ्यांची रिकामी डबी होती, हातात पेन होतं आणि छातीवर चिठ्ठी.

धुरपताबाईंना ओळखत नाही असं माणूस तालुक्यात नव्हतं. लग्न केलं नाही, आयुष्य पळसपेठच्या मुलींच्या निवासी शाळेत घातलं. रानातल्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, कोलाम आदिवासींच्या पोरी आणून शिकवल्या. संस्थेच्या अध्यक्ष त्याच होत्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला शाळेच्या पायऱ्यांवरून पडल्या आणि पाठीचा मणका मोडला. तेव्हापासून छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घालून, पांढरकवड्यातल्या घरी फळी टाकलेल्या पलंगावर त्या उताण्या पडून होत्या.

अंजू पोचली तेव्हा घरासमोर गर्दी जमली होती. बायका रडत होत्या, पुरुष चेहरे पाडून मोबाइल बघत होते. पलंगावर बाईंचा चेहरा शांत होता. अंजूनं चिठ्ठी उचलली.

"मी थकले आहे. यापुढे माझ्याच्यानं होणार नाही. माझ्या जाण्याबद्दल कोणालाही दोष देऊ नये. हे मी पूर्ण विचार करून, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मुलींना सांभाळा." खाली सही.

अक्षर बाईंचंच होतं. तालुक्यातल्या निम्म्या पोरी फळ्यावर ते अक्षर बघत मोठ्या झाल्या होत्या. अंजूच्या मनात आधी आलं ते दुःख नव्हतं. तिला आला तो मत्सर. पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत शाई सारखीच गडद, सारखीच सलग. कुठं तुटलेली नाही, कुठं फिकी नाही, एका वळणावरही थुंकलेली नाही. फक्त कागदाच्या अगदी वरच्या कडेला शाईचे तीन बारीक, हुकासारखे आकडे होते. लिहिण्याआधी पेन चालतं का ते बघितलं असेल, असं तिला वाटलं.

मग तिनं बाईंच्या बोटांतलं पेन अलगद काढलं. औषध कंपनीनं फुकट वाटलेलं पांढरं प्लास्टिकचं पेन. तिनं आपल्या डायरीच्या कोपऱ्यावर एक रेघ ओढली.

रेघ फिकी आली, तीही तुटक. ही चिठ्ठी या पेनानं लिहिलेलीच नव्हती.

२

"खोलीत दुसरं पेन होतं का?" तिनं मथुराबाईला विचारलं.

मथुराबाई धुरपताबाईंची शुश्रूषा करायला दिवसरात्र राहत असे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ती पदरानं डोळे पुसत होती.

"होते दोनतीन. असेच, फुकटचे. बाई त्याहीवर चिडचिड करून राह्यली होती. लेहाले घे, फेकून दे. म्हणे, एकबी चालत नाही, माह्यावानीच निकामी झाले. एक तं मले लागता लागता राह्यला."

"काय लिहायचं होतं त्यांना?"

"मले काय समजते जी. शाळेचं असंन. समिती येनार होती ना सोमवारी."

समितीचं अंजूला ठाऊक होतं. पळसपेठच्या शाळेतली शेवंता टेकाम नावाची पोर तापानं गेली होती. वसतिगृहाच्या अधीक्षकानं तिला दवाखान्यात नेलंच नाही, अशी कुजबुज होती. कुजबुजीला कागदावर जागा नसते, म्हणून प्रकरण थंड पडलं होतं. आता कुठं चौकशी लागली होती.

"काल घरी कोण कोण आलं?"

"डाक्टर सकाळी आलते. संध्याकाळी सचिवसाहेब आले, गोपाळराव. रोजच येत. मी चहा ठेवाले गेली, ते बाईपाशी बसून होते. निंगताना म्हणाले, बाईनं दूध घेतलं, आता झोपू दे. सकाळी पायतो तं..."

"आणि रजत?"

मथुराबाईनं तोंड फिरवलं. "तो घरीच होता म्हनते."

रजत हा धुरपताबाईंचा भाचा. मोबाइलचं दुकान चालवायचा, म्हणजे दुकान उघडं ठेवून आत झोपायचा. आत्याच्या मरणाच्या दिवशीही त्याच्या केसांचा कोंबडा जागच्या जागी होता.

"मी घरीच होतो ना मॅडम," तो म्हणाला. "आत्या माझी देव होती."

"देव रात्री मेला आणि तुला सकाळपर्यंत पत्ता नाही?"

"मी बाजूच्या खोलीत झोपलो होतो."

अंजूनं त्याच्यासमोर त्याचाच मोबाइल धरला. कालच्या संध्याकाळी हैदराबाद रस्त्यावरच्या धाब्यासमोर ट्रकच्या टपावर उभं राहून त्यानं नाच केला होता, आणि साऱ्या जगानं बघावा म्हणून तो टाकलाही होता. खोटं बोलायचीही अक्कल लागते आणि या पोरात तेवढीही नव्हती. त्याला उगाच मारेकरी समजणं म्हणजे मारेकऱ्याचा अपमान, असं तिच्या मनात आलं.

"आत्या काही बोलल्या होत्या का अलीकडे? जीव नको झालाय, असं काही?"

"नाही. उलट परवा फोनवर कोणाशी तरी भांडत होती. म्हणे, समितीले माह्या घरी आणा, मी पडल्यापडल्या बोलतो. जीभ काही मोडली नाही माही."

जिला सोमवारी बोलायचं होतं, ती बुधवारी गोळ्या खाऊन का मरेल?

३

गोपाळराव देठे म्हणजे संस्थेचे सचिव. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, कपाळावर गंध आणि आवाजात कायमचं भाषण. साधं पाणी मागतानाही आपण पाण्याच्या प्रश्नावर बोलतोय असं ऐकणाऱ्याला वाटावं. गावातल्या निम्म्या मयतांना ते श्रद्धांजली वाहत आणि उरलेल्यांचे नातेवाईक नाराज होत.

"बाईंचं जाणं ही या मातीची हानी आहे," ते अंजूला म्हणाले.

"मातीचं नंतर बघू. काल तुम्ही त्यांना भेटलात. कशा होत्या?"

"खचलेल्या. मी म्हटलं, बाई, धीर धरा. त्या नुसत्या हसल्या. ते हसू मला आता कळतंय."

"समितीबद्दल काही बोलणं झालं?"

"अवाक्षर नाही. त्या या सगळ्याच्या पलीकडे गेल्या होत्या."

अधीक्षक हा गोपाळरावांचा सख्खा मेहुणा होता. रोज भेटायला येणारा सचिव आणि मरणाच्या दारातली अध्यक्ष यांच्यात त्या विषयावर अवाक्षर निघालं नाही, हे अंजूनं ऐकून घेतलं आणि पुढं काही विचारलं नाही. फुगलेल्या माणसाला बोलू दिलं की तो आपणच आपली हवा सोडतो.

दुपारी ती बसस्टँडजवळच्या बापूजींच्या स्टेशनरीच्या दुकानात शिरली आणि दुकानात होत्या नव्हत्या तेवढ्या जातींच्या रिफिली काढायला लावल्या. बापूजींना ती परीक्षेचं वेड लागलेली पोलीसबाई म्हणून ठाऊकच होती.

"अजून मनासारखी सापडली नाही का मॅडम?"

"आज माझ्यासाठी नाही."

काउंटरवरच तिनं एकेका रिफिलीनं "मी थकले आहे" लिहायला सुरुवात केली. बारीक टोकाच्या पहिल्याच फेरीत बाद झाल्या. मध्यम टोकाच्या गडद होत्या, पण वळणावर लडबडत. जेलच्या रिफिलींवर तिनं ओलं बोट फिरवलं तेव्हा अक्षर पसरलं. चिठ्ठीच्या कोपऱ्यावर तसं काही होत नव्हतं, म्हणजे ती जेल नव्हती. शेवटी बापूजींनी खणाच्या तळातून जाड धातूच्या नळीची एक रिफिल काढली.

"ही आता कोणी नेत नाही. पितळी पेनातच बसते."

अंजूनं लिहिलं. रिफिल सरकली ती अशी की बोटांना कागद लागलाच नाही. अक्षर काळ्या मातीसारखं गडद. चिठ्ठी शेजारी धरली. तीच रुंदी, तोच रंग, तीच सलगता. तिनं मुद्दाम दहा वळणं काढली, उकार काढले, गोल फिरवले. रिफिल एकदाही थुंकली नाही. मग कडेचे ते तीन आकडे कसले? प्रश्न मनात आला आणि दुसऱ्या प्रश्नाखाली दबून गेला.

"हे पितळी पेन गावात कोणाकडे आहे?"

"एकच गिऱ्हाईक. धुरपताबाई. शाळेच्या टेबलावर असते त्याहीचं."

पळसपेठला जाऊन तिनं अध्यक्षांचा खण उघडायला लावला. पेन तिथंच होतं. पंचनामा करून तिनं ते ताब्यात घेतलं. खणाची किल्ली बाई पडल्यापासून गोपाळरावांकडे, आणि बाई पडल्यापासून पेन शाळेबाहेर गेलं नव्हतं, असं शिपाई शपथेवर सांगत होता.

मग पांढरकवड्यात पलंगाला खिळलेल्या बाईनं, पळसपेठच्या खणात बंद असलेल्या पेनानं, मरणाच्या आधी चिठ्ठी लिहिली कशी?

४

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या मोठ्या साहेबांना हा प्रश्न मुळीच आवडला नाही.

"मानवटकर, अक्षर बाईंचं आहे ना?"

"हो सर."

"गोळ्या बाईंच्या आहेत ना?"

"हो सर."

"मग पेन कोणी नेलं-आणलं याच्यावर काय खून उभा करता? भाच्यानं आणून दिलं असेल, परत ठेवलं असेल. शोकसभा आहे, मोठी माणसं येणार आहेत. तुम्ही अभ्यास करा."

मोठ्या साहेबांची बुद्धी त्यांच्या खुर्चीच्या मापाची होती. खुर्ची मोठी होती एवढंच. अंजू सलाम ठोकून बाहेर आली आणि दुपारच्या सुट्टीत खोलीवर जाऊन पडली.

उन्हानं पत्रे तडतडत होते. झोप येईना म्हणून तिनं वही छातीवर उभी धरली आणि पडल्यापडल्याच एक उत्तर लिहायला घेतलं. पितळी पेनातली ती नवी रिफिल आपल्यालाही घ्यायची असं तिनं ठरवलंच होतं, काल बापूजींकडून आणलेली ती जाड नळीच हातात होती. पहिली ओळ सुरेख उमटली. दुसरीच्या मध्यावर अक्षर करडं झालं. मग तुटलं. मग नुसतं टोक कागदावर ओरखडे काढत राहिलं.

तिनं नळी झटकली. पुन्हा दोन शब्द आणि पुन्हा काही नाही.

तिला मथुराबाईचे शब्द आठवले. एकबी चालत नाही, माह्यावानीच निकामी झाले.

अंजू ताडकन उठून बसली. टोक खाली केलं तेव्हा तीच रिफिल पुन्हा गडद, सलग, मखमली लिहू लागली. शाई टोकापर्यंत आपल्या वजनानं उतरते. टोक वर झालं की उतरायची थांबते. वर्गातल्या प्रत्येक पोराला हे कधी ना कधी समजलेलं असतं, आणि समजलेलं विसरून तो मोठा माणूस होतो.

तिनं बळीरामला फोन लावला. "उद्या सकाळी बाईंच्या घरी सगळ्यांना बोलव. डॉक्टरले बी. आणि गोपाळरावाले सांग, भाषण नाही, लेहाचं आहे."

५

धुरपताबाईंचा पलंग होता तसाच होता. खोलीत डॉक्टर, मथुराबाई, रजत, गोपाळराव आणि भिंतीला टेकून बळीराम.

"डॉक्टर," अंजूनं विचारलं, "बाईंना कोणी टेकवून बसवलं असतं का?"

"अशक्य. कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागायची. बसवलं असतं तर त्यांच्या किंकाळीनं गल्ली जमली असती."

"म्हणजे लिहिलं असेल तर उताणं पडून. रजत, झोप इथं."

"माझ्या आत्याच्या पलंगावर?"

"ट्रकच्या टपावर चढतोस, इथं काय लाजतोस."

रजत आडवा झाला. अंजूनं त्याला कागद, कागदाखाली धरायला पुठ्ठा आणि पितळी पेन दिलं, आणि चिठ्ठीतली वाक्यं सांगायला सुरुवात केली. "यापुढे" पर्यंत येईतो अक्षर अर्धं झालं. तिनं दुसरं पेन दिलं, तिसरं दिलं, बापूजींच्या दुकानातल्या सगळ्या रिफिली एकामागून एक दिल्या. जाड, बारीक, महाग, फुकटच्या. कुठली एक ओळ टिकली, कुठली तेवढीही नाही. कागदावर फिकट, तुटक ओरखड्यांचं जाळं झालं.

"उताणं लिहिता येईल अशी काही रिफिल असते का, हे बापूजींना विचारलं," अंजू म्हणाली. "ते म्हणाले, असते म्हणतात, पण त्यांनी अजून डोळ्यानं पाहिली नाही. या चिठ्ठीतली रिफिल तशी नाही, ती ही, पितळी पेनातली. तिनं काय होतं ते तुम्ही पाहिलं."

"एका पोराला लिहिता आलं नाही म्हणून..." गोपाळराव म्हणाले.

"मग तुम्ही झोपा."

झब्ब्याच्या इस्त्रीकडे एकदा बघून गोपाळराव आडवे झाले. भाषणात ज्या माणसाचे शब्द कधी संपत नाहीत, त्याची शाई एका वाक्यात संपली. बळीरामनं खिडकीबाहेर बघत हसू गिळलं.

"तर ही चिठ्ठी पलंगावर लिहिलेली नाही," अंजू म्हणाली. "टेबलाशी बसून, स्वतःच्या पेनानं, स्वतःच्या हातानं, पडायच्या आधी लिहिली आहे. तेव्हा बाई हिंडत-फिरत होत्या. मरायचं मनात नव्हतं. आता ही मरणाची चिठ्ठी नाही असं समजून वाचा. मी थकले आहे. माझ्याच्यानं होणार नाही. माझ्या जाण्याबद्दल कोणालाही दोष देऊ नये. मुलींना सांभाळा. हे काय आहे?"

मग उंबऱ्यातून मथुराबाईचा आवाज आला.

"राजीनामा."

सगळे वळले.

"दिवाळीनंतर बाईनं देल्लता ना. म्हणे, सचिवाच्या हातात देऊन आलो, सुटलो. मंग ते पोर मेली, शेवंता. बाई दोन दिस जेवली नाही. म्हणे, आता नाही सोडत, कागद वापस मांगतो."

अंजूनं गोपाळरावांकडे पाहिलं. ते उठून बसले होते आणि चुरगळलेला झब्बा हातानं सरळ करत होते. आवाज अजिबात हलला नाही.

"खरं आहे. दिला होता. त्यांनी मागितला तेव्हा मी त्यांच्यासमोर फाडला. त्यांचा मान राखायचा म्हणून कार्यकारिणीत कोणाला दाखवलासुद्धा नव्हता. मी वाचला आणि मीच फाडला. आता फाडलेला कागद तुम्ही कुठून आणणार, मॅडम?"

ते शांतपणे बाहेर गेले. अंजूनं चिठ्ठी पुन्हा पाकिटात घातली.

६

शोकसभा संस्थेच्या सभागृहात झाली. समोरच्या रांगेत तालुक्यातले सगळे मानाचे लोक बसले होते, ज्यांनी बाई जिवंत असताना शाळेच्या छपरासाठी त्यांना फेऱ्या मारायला लावल्या होत्या. प्रत्येकानं बाई आपल्याला आईसमान होत्या असं सांगितलं. एवढी लेकरं असलेली बाई अंधाऱ्या खोलीत एका मोलकरणीच्या भरवशावर कशी पडून होती, हे कोणी सांगितलं नाही. मोठे साहेब हार घेऊन आले होते.

अंजू मागच्या भिंतीला उभी होती. चिठ्ठी पारदर्शक पाकिटात तिच्याच फायलीत होती.

गोपाळराव शेवटी उठले. आधी हुंदका, मग पॉज, मग चष्मा काढणं. सगळं ठरल्याप्रमाणे.

"बाईंचे शेवटचे शब्द माझ्या कानात घुमताहेत," ते म्हणाले. "काय लिहिलं त्या माऊलीनं? तुमच्या सुखदुःखात मी कधी मागं सरले नाही. मी थकले आहे. यापुढे माझ्याच्यानं होणार नाही..."

सभागृहात बायका रडू लागल्या. मोठ्या साहेबांनी रुमाल काढला.

अंजूनं पाकीट उघडलं. चिठ्ठी "मी थकले आहे" पासून सुरू होत होती. त्याच्या वर काही नव्हतं. फक्त कागदाची कड होती आणि त्या कडेला शाईचे तीन आकडे.

तिनं ते बोटाखाली धरले. एक समासाला चिकटून. मग थोडी मोकळी जागा. मग दोन, एका अक्षराच्या अंतरानं. खाली वळलेली, पुढं झुकलेली शेपटं.

तु. मग सु. मग दु.

रिफिल थुंकली नव्हती. ती कधीच थुंकत नव्हती. त्या उकारांच्या वरची अक्षरं कोणीतरी ब्लेडनं कापून नेली होती.

७

अंजूनं सभा संपू दिली. गोपाळराव हार घालून फोटोसाठी उभे राहिले तेव्हा ती पुढं गेली आणि हळूच म्हणाली, "साहेब, एक वाक्य समजलं नाही. ठाण्यात चला."

मोठे साहेबही मागोमाग आले, रागानंच. अंजूनं चिठ्ठी आणि भिंग टेबलावर ठेवलं.

"वाचून दाखवा, गोपाळराव. सभेत म्हणालात तसंच."

त्यांनी खिशातून चष्मा काढला. पहिल्या ओळीवर नजर गेली आणि तोंड उघडं राहिलं.

"सुखदुःखाचं वाक्य कुठं आहे?"

"ते... मी माझं घातलं. भावनेच्या भरात."

"तुमचं वाक्य, आणि त्याचे उकार बाईंच्या कागदावर? तुमच्या, सुखदुःखात. तीनही जागच्या जागी, बाईंच्या शाईत, बाईंच्या वळणात. त्यानंतरच्या शब्दांना खाली उकार नाही आणि कडेलाही पुढं काही नाही. वर संस्थेचं नाव असणार, तारीख असणार, 'मा. सचिव' असणार. ते कापताना एक ओळ जास्त कापावी लागली, कारण ती ठेवली असती तर मेलेली बाई कोणाशी बोलतेय हे कळलं असतं. कापलंत ते तुम्ही. कारण पूर्ण कागद वाचणारा माणूस एकच, असं तुम्हीच मला चौघांसमोर सांगितलं. फाडलेला कागद मी आणलेला नाही. तुम्हीच आणून बाईंच्या छातीवर ठेवला होता."

मोठ्या साहेबांनी भिंग उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

गोपाळराव खुर्चीत बसले. आवाजातलं भाषण गेलं तेव्हा उरला तो एका बारीक, कुरकुऱ्या माणसाचा आवाज होता.

"मी हातापाया पडलो तिच्या," ते म्हणाले. "मेहुण्याची नोकरी जाईल, शाळेची मान्यता जाईल, संस्थेचं नाव जाईल. म्हटलं, एका पोरीसाठी. ती मेलीच आहे, परत येणार आहे का? तर म्हणते, गोपाळ, तू तिला दवाखान्यात न्यायचं नाही असं सांगितलंस, हे मला माहीत आहे. मी समितीसमोर सांगणार. मग मथुराबाई चहा ठेवायला गेली. गोळ्या मी आधीच कुटून आणल्या होत्या. दूध मीच पाजलं. तिला काही त्रास झाला नाही, मॅडम. झोपेतच गेली."

"शेवंतालाही झोपेतच जाऊ दिलं होतं ना," अंजू म्हणाली.

बळीरामनं त्यांना बाहेर नेलं. मोठे साहेब टेबलाशी उभेच होते.

"मानवटकर," ते शेवटी म्हणाले, "हे प्रकरण आपण चांगलं हाताळलं."

"आपण?" एवढंच म्हणून अंजूनं फाइल बंद केली.

समिती सोमवारी आली, पळसपेठलाच बसली. आधी पोरी बोलेनात. मग मथुराबाई त्यांच्यात जाऊन जमिनीवर बसली आणि म्हणाली, बाई नाही आता, तुम्हालेच बोला लागन. एक उठली. शेवंता तापात पाणी मागत होती आणि अधीक्षक म्हणाले नाटकं करते, असं तिनं सांगितलं. मग दुसरी उठली. संध्याकाळपर्यंत त्या बोलतच होत्या आणि समितीतल्या एका साहेबानं घड्याळ बघितलं तेव्हा अंजूनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हात टेबलाखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी ती शेवंताच्या पोडावर गेली. रस्ता संपला तिथं गाडी सोडली आणि सागाच्या रानातून चालत गेली. शेवंताची आई रामीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. अंजूनं तिला सगळं सांगितलं. गोपाळराव, अधीक्षक, धुरपताबाई. रामीबाई हात न थांबवता ऐकत होती. हळूहळू फुलं पसरत होती.

"बाईले माह्या पोरीसाठी मारलं?" तिनं विचारलं.

"हो."

रामीबाईचा हात थांबला. मग घरात गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि अंजूच्या हातात देऊन समोर बसली.

"तथी समितीत सगळ्याहीसमोर माह्या पोरीचं नाव घेतलं का त्यायनं?"

"घेतलं. पोरींनीच घेतलं."

"पुरं नाव?"

"शेवंता रामी टेकाम. तुमचं नाव बी घेतलं."

रामीबाईनं मान हलवली आणि तांब्याकडे बोट केलं. "पी. उन्हातून आली तू."

अंजू पाणी प्यायली. साऱ्या तालुक्यात तिला पहिल्यांदाच कोणाबद्दल वाईट बोलावंसं वाटलं नाही, आणि ती तिथंच सावली लांब होईपर्यंत बसून राहिली.